बाळंतपणानंतर खेळ आणि व्यायाम : सुरक्षित पुनरागमनाची वाटचाल

मणिपूरच्या मुष्टियोद्ध्या एम. सी. मेरी कोम यांनी २००७ मध्ये जुळ्या मुलांना जन्म दिला आणि नोव्हेंबर २००८ मध्ये चीनमधील निंगबो येथे जागतिक अजिंक्यपद पटकावले. २०१३ मध्ये तिसऱ्या मुलाच्या जन्मानंतर त्यांनी २०१४ च्या इंचॉन आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, तर २०१८ मध्ये नवी दिल्ली येथे सहाव्यांदा जगज्जेतेपदाचा मान मिळवला. टेनिसपटू सानिया मिर्झा यांचा मुलगा ऑक्टोबर २०१८ मध्ये जन्मला. जानेवारी २०२० मध्ये होबार्ट येथील स्पर्धेत त्यांनी युक्रेनच्या नादिया किचेनोक यांच्या साथीने दुहेरीचे विजेतेपद जिंकले.

स्क्वॉशपटू दीपिका पल्लिकल-कार्तिक यांना ऑक्टोबर २०२१ मध्ये जुळी मुले झाली आणि एप्रिल २०२२ मध्ये ग्लासगो येथील जागतिक दुहेरी स्पर्धेत त्यांनी महिला दुहेरी व मिश्र दुहेरी अशी दोन्ही सुवर्णपदके मिळवली. तिरंदाज दीपिका कुमारी यांना डिसेंबर २०२२ मध्ये कन्यारत्न झाले. एप्रिल २०२४ मध्ये शांघाय येथील विश्वचषक फेरीत त्यांनी रौप्यपदक जिंकले.

या चौघींच्या पुनरागमनाचा कालावधी मात्र एकसारखा नाही. कोणी सहा महिन्यांत परतली, तर कोणाला सव्वा वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागला. बाळंतपणानंतर मैदानावर केव्हा उतरावे, हे केवळ दिनदर्शिका पाहून ठरत नाही. शरीर कोणत्या टप्प्यावर पोहोचले आहे, यावर ते ठरते. सकाळी चालायला जाणारी गृहिणी, पोलीस भरतीची तयारी करणारी तरुणी, गावच्या संघातील कबड्डीपटू आणि राष्ट्रीय विजेती या सर्वांना हे तत्त्व सारखेच लागू पडते.

शरीरात नेमके काय बदलते?

गरोदरपणाच्या नऊ महिन्यांत वाढत्या गर्भाशयामुळे पोटाचे स्नायू ताणले जातात. पोटाच्या मध्यरेषेवर दोन्ही बाजूंचे उभे स्नायू एकमेकांपासून दूर सरकतात आणि त्यांच्यामधील पट्टी रुंद व पातळ होते. बहुसंख्य स्त्रियांमध्ये ही फट प्रसूतीनंतर हळूहळू कमी होते. काहींमध्ये ती अनेक महिने राहते.

दुसरा महत्त्वाचा बदल श्रोणितल स्नायूंमध्ये होतो. ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे पसरलेले हे स्नायू मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांना आधार देतात आणि लघवी व शौचावर नियंत्रण ठेवतात. योनिमार्गे प्रसूती होताना ते मोठ्या प्रमाणावर ताणले जातात आणि काही वेळा फाटतात. त्यांची भरपाई होण्यास साधारणपणे चार ते सहा महिने लागतात. धावताना वा उडी मारताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार जमिनीकडून वर येतो आणि त्याचा काही भाग याच स्नायूंना पेलावा लागतो.

याशिवाय, जेथे वार चिकटलेली असते तेथे गर्भाशयात मोठी जखम राहते. ती भरून येण्यास काही आठवडे लागतात. ही जखम बाहेरून दिसत नसल्याने बाळंतीण वरकरणी धडधाकट वाटली, तरी आतील दुरुस्ती सुरू असते.

सव्वा महिना आणि सहा आठवडे

महाराष्ट्रात बाळंतिणीला सव्वा महिना जपण्याची रीत आहे. अंग ओले आहे, असे म्हणून तिला जड काम करू दिले जात नाही. आधुनिक वैद्यकशास्त्रातही प्रसूतीनंतरचे पहिले सहा आठवडे हा सूतिकाकाल मानला जातो. दोन्ही परंपरांमधील विश्रांतीचा कालावधी जवळपास एकच आहे.

तथापि, या मुदतीचे दोन चुकीचे अर्थ काढले जातात. पहिला असा की, सहा आठवडे अंथरुणावरून उठूच नये. प्रत्यक्षात दीर्घकाळ पडून राहिल्याने पायांतील रक्तवाहिन्यांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. त्यामुळे प्रसूतीनंतर लवकर उठून थोडे चालणे हितावह ठरते. दुसरा अर्थ असा की, सहा आठवडे संपताच सर्व काही पूर्ववत झाले. हाही गैरसमज आहे. सहाव्या आठवड्यातील तपासणी ही पुढच्या टप्प्यात जाण्याची परवानगी असते; स्पर्धेत उतरण्याची नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, आरोग्यविषयक अडचण नसलेल्या प्रसूत स्त्रियांनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. मात्र तेथे टप्प्याटप्प्याने पोहोचावे. मध्यम व्यायाम म्हणजे ज्यात श्वास वाढतो, पण बोलता येते. झपाझप चालणे हे त्याचे सर्वांत सोपे उदाहरण होय. कॅनडात २०२५ मध्ये जाहीर झालेल्या शिफारशींमध्ये आठवड्यातील किमान चार दिवसांत विभागून १२० मिनिटांचा व्यायाम आणि त्याच्या जोडीला श्रोणितल स्नायूंचा दैनंदिन सराव सुचवण्यात आला आहे.

पहिले सहा आठवडे

या काळात विश्रांती, झोप, जखमांची काळजी आणि स्तनपान यांना प्राधान्य द्यावे. व्यायाम म्हणून तीन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, दीर्घ श्वसन : श्वास घेताना पोट व बरगड्या फुलू द्याव्यात आणि सोडताना पोट हलकेच आत घ्यावे. दुसरी, घरातल्या घरात व नंतर अंगणात चालणे. दहा मिनिटांनी सुरुवात करून ते हळूहळू अर्ध्या तासापर्यंत न्यावे.

तिसरी गोष्ट म्हणजे श्रोणितल स्नायूंचा व्यायाम. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये त्याविषयी लेखन केले, म्हणून तो केगल व्यायाम या नावाने ओळखला जातो. वायू आणि लघवी एकाच वेळी रोखत असल्याप्रमाणे स्नायू आत व वर ओढून घ्यावेत, काही क्षण धरावेत आणि पूर्णपणे सैल सोडावेत. सुरुवातीला दोन-तीन सेकंद धरता आले तरी पुरे. पुढे दहा सेकंदांचे दहा आवर्तन, दिवसातून तीन वेळा, हे उद्दिष्ट ठेवावे. या वेळी श्वास रोखू नये, तसेच मांड्या व नितंब आवळू नयेत. प्रत्यक्ष लघवी करताना हा व्यायाम करणे टाळावे. मूत्रनलिका लावलेली असल्यास ती काढून लघवी नीट होऊ लागल्यावरच सुरुवात करावी.

पोट बांधण्याच्या प्रथेबाबतही विचार आवश्यक आहे. हलका आधार देणारा पट्टा काही दिवस बरे वाटण्यास मदत करतो. परंतु स्नायूंचे बळ पट्ट्याने परत येत नाही. पोट फार आवळून बांधल्यास आतील दाब खाली, म्हणजे आधीच दुबळ्या झालेल्या स्नायूंवर जातो.

सहा ते बारा आठवडे

वैद्यकीय तपासणीत सर्व ठीक आढळल्यास स्नायूंचे बळ वाढवण्याकडे वळता येते. खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला टेकून केलेले दंड, पाठीवर झोपून कंबर उचलणे, टाचा उंचावणे हे व्यायाम घरीही करता येतात. स्थिर सायकल चालवता येते. अंगावरून जाणे पूर्णपणे थांबल्यावर आणि जखमा भरल्यावर पोहण्यास हरकत नसते.

योगासनांच्या बाबतीत निवड करावी लागते. श्वसनाचे सौम्य प्रकार आणि सुलभ आसने लाभदायक ठरतात. कपालभाती, नौकासन यांसारख्या, पोटावर जोरदार दाब आणणाऱ्या क्रिया मात्र या टप्प्यात टाळणे योग्य. उताणे झोपून एकदम उठण्याच्या बैठकाही उशिरा सुरू कराव्यात. व्यायाम करताना पोटाच्या मध्यरेषेवर उभा उंचवटा दिसू लागल्यास तो प्रकार शरीराला अद्याप झेपत नाही, असे समजावे.

धावण्यापूर्वीची कसोटी

ब्रिटनमधील भौतिकोपचारतज्ज्ञांनी २०१९ मध्ये मांडलेल्या मार्गदर्शिकेनुसार, धावणे व उड्या यांसारखे आघाती व्यायाम प्रसूतीनंतर किमान तीन महिने करू नयेत; आणि तीन महिन्यांनंतरही शरीर तयार असल्याची खातरजमा करूनच सुरू करावेत. त्यासाठी काही सोप्या कसोट्या सुचवण्यात आल्या आहेत. वेदना, जडपणा वा लघवी निसटणे यांपैकी काहीही न होता पुढील गोष्टी जमल्या पाहिजेत :

– सलग ३० मिनिटे चालणे
– प्रत्येक पायावर १० सेकंद तोल सांभाळणे
– प्रत्येक पायावर १० वेळा अर्धी बैठक
– जागच्या जागी एक मिनिट हलके धावणे
– पुढच्या दिशेने १० उड्या
– प्रत्येक पायावर १० वेळा लंगडी उडी

यांच्या जोडीला एका पायावर टाच उचलणे, एका पायाच्या आधाराने कंबर उचलणे, एका पायावर खुर्चीतून उठणे आणि कुशीवर झोपून पाय वर नेणे हे प्रकार प्रत्येकी २० वेळा करता यावेत, अशी अपेक्षा आहे.

कसोटी पार पडल्यावरही सुरुवात एक-दोन मिनिटांच्या धावण्याने करून मध्ये चालण्याची विश्रांती घ्यावी. प्रथम कालावधी वाढवावा, नंतर वेग. एका दिवसाच्या सरावानंतर पुढचे २४ तास शरीराची प्रतिक्रिया पाहून मगच पुढचे पाऊल टाकावे.

सर्रास आढळते म्हणून स्वाभाविक मानू नये

खेळाकडे परतणाऱ्या अनेक स्त्रियांना शिंकताना, उडी मारताना किंवा धावताना लघवी निसटण्याचा त्रास होतो. काहींना खाली ओढल्यासारखे वा जड वाटते. योनिमार्गात काहीतरी उतरल्याची जाणीव होते. बोलीभाषेत याला अंग बाहेर येणे म्हणतात. मुले झाली की असे व्हायचेच, अशी समजूत घरोघरी दिली जाते. संकोचामुळे ही बाब प्रशिक्षकाला सांगितली जात नाही, पतीला नाही आणि कित्येकदा डॉक्टरांनाही नाही. परिणामी एखादी गुणी खेळाडू काहीही कारण न देता सरावाला येणे थांबवते.

हा त्रास सर्रास आढळतो हे खरे. परंतु म्हणून तो स्वाभाविक ठरत नाही आणि निमूटपणे सोसण्याचीही गरज नाही. देखरेखीखाली केलेला श्रोणितल स्नायूंचा व्यायाम हा यावरील पहिला आणि परिणामकारक उपचार मानला जातो. गरज भासल्यास योनिमार्गात आधारासाठी बसवायची कडी वापरता येते. शस्त्रक्रियेचा विचार त्यानंतरचा. लघवी निसटत असताना पाणी पिणे कमी करून वा पॅड लावून सराव रेटणे हा उपाय नव्हे. हे लक्षण म्हणजे भार कमी करून तपासणी करून घेण्याचा शरीराने दिलेला संकेत आहे.

व्यायामानंतर अंगावरून पुन्हा लाल रक्तस्राव सुरू होणे किंवा वाढणे हाही सरावाचे प्रमाण जास्त झाल्याचा संकेत होय. अशा वेळी एक टप्पा मागे यावे.

पुढील लक्षणे आढळल्यास व्यायाम तत्काळ थांबवून विनाविलंब रुग्णालय गाठावे : तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, ताप किंवा दुर्गंधीयुक्त स्राव, छातीत दुखणे, अकारण धाप लागणे, एका पोटरीत सूज व वेदना, तीव्र डोकेदुखी किंवा दृष्टी अंधुक होणे. प्रसूतीपूर्वी रक्तदाब ठीक असला, तरी तो प्रसूतीनंतरच्या आठवड्यांतही वाढू शकतो.

सिझेरियननंतर

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील २१.५ टक्के प्रसूती सिझेरियन पद्धतीने झाल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.४ टक्के होते. सिझेरियन ही पोटाची मोठी शस्त्रक्रिया आहे, हे विसरता कामा नये. वरची त्वचा लवकर जुळते. पण पोटाच्या भिंतीतील मजबूत आवरणाला सहा आठवड्यांनंतर मूळच्या सुमारे ५१ ते ५९ टक्के, तर सहा ते सात महिन्यांनी ७३ ते ९३ टक्के इतकेच बळ आलेले असते. म्हणून पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड वस्तू उचलू नये आणि अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळावे. सिझेरियन झाले म्हणून श्रोणितल स्नायूंना व्यायामाची गरज नाही, असेही नाही. गरोदरपणाचा भार त्यांनीही पेललेला असतो.

आहार, स्तनपान आणि रक्तक्षय

व्यायामाने दूध आटते किंवा बिघडते, अशी भीती अनेक घरांत असते. मध्यम व्यायामाचा दुधाच्या प्रमाणावर वा बाळाच्या वाढीवर अनिष्ट परिणाम होत नाही, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. सरावापूर्वी बाळाला पाजल्यास छातीचा जडपणा कमी होतो. नीट आधार देणारी आंतरवस्त्रे वापरावीत आणि पाणी पुरेसे प्यावे.

खरा धोका उपासमारीचा आहे. पहिले सहा महिने स्तनपान देणाऱ्या मातेला रोज सुमारे ६०० किलोकॅलरी अधिक ऊर्जा लागते, अशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची शिफारस आहे. सरावासाठी लागणारी ऊर्जा याव्यतिरिक्त असते. वजन झटपट उतरवण्यासाठी आहार कमी केल्यास थकवा वाढतो. स्तनपानाच्या काळात हाडांतील कॅल्शियमही तात्पुरते घटत असल्याने अपुऱ्या आहारात धावण्याचा सराव वाढवल्यास हाडांना सूक्ष्म तडे जाण्याचा संभव असतो. डिंकाचे व अळिवाचे लाडू, खारीक, तूप या पारंपरिक पदार्थांना स्थान आहेच. त्यांच्याबरोबर डाळी, दूध, अंडी वा मांस, पालेभाज्या आणि फळेही हवीत.

वरील सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. प्रसूतीत झालेल्या रक्तस्रावामुळे तो बळावतो. जिना चढताना धाप लागत असेल, तर तंदुरुस्ती कमी झाली असे गृहीत धरून व्यायाम वाढवण्याऐवजी आधी हिमोग्लोबिन तपासावे. ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमांतर्गत प्रसूतीनंतर १८० दिवस लोह व फॉलिक ॲसिडची रोज एक गोळी घेण्याची तरतूद आहे. गृहभेटींच्या राष्ट्रीय कार्यक्रमानुसार, रुग्णालयात प्रसूती झाल्यास आशा कार्यकर्ती ४२ दिवसांत सहा भेटी देतात. शंका विचारण्यासाठी या भेटींचा उपयोग करून घ्यावा.

मनाचे आरोग्य

नियमित हालचालीमुळे प्रसूतीनंतरच्या नैराश्याचा धोका कमी होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही नमूद केले आहे. परंतु व्यायाम हा उपचाराला पर्याय नाही. उदासपणा दोन आठवड्यांहून अधिक टिकला, बाळाविषयी ओढ वाटेनाशी झाली किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार आले, तर तातडीने मदत घ्यावी. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी उपलब्ध आहे. झोपेचा अभाव असलेल्या दिवशी कठोर सराव टाळणे, हाही प्रशिक्षणाचाच भाग समजावा.

प्रत्येक खेळाची मागणी वेगळी

नेमबाजी वा तिरंदाजीत आघात कमी असल्याने सराव तुलनेने लवकर सुरू होऊ शकतो; मात्र धनुष्य ताणताना पोट व पाठीवर येणारा भार लक्षात घ्यावा लागतो. बॅडमिंटन, खो-खो यांत अचानक दिशा बदलणे आणि खोल झेप यांचा ताण असतो. कबड्डीत चढाई करताना दम टिकवून जोर लावावा लागतो, त्यामुळे पोटातील दाब वाढतो. शिवाय पोटावर व छातीवर थेट आघात होण्याची शक्यता असते. कबड्डी, कुस्ती, मुष्टियुद्ध अशा खेळांत प्रथम एकट्याने कौशल्यांचा सराव, नंतर मर्यादित संपर्क आणि शेवटी पूर्ण सामना, असा क्रम ठेवावा. वजन उचलताना श्वास सोडत जोर लावावा आणि भार टप्प्याटप्प्याने वाढवावा.

नियम आणि पाठबळ

क्रीडा संघटनांनीही अलीकडच्या काळात नियमांत बदल केले आहेत. महिला टेनिस संघटनेने २०१९ च्या हंगामापासून अपत्यजन्मानंतर तीन वर्षांपर्यंत आधीचे मानांकन विशिष्ट स्पर्धांसाठी वापरण्याची मुभा दिली. आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाने जानेवारी २०२१ पासून व्यावसायिक महिला खेळाडूंना किमान १४ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा लागू केली असून त्यांपैकी किमान आठ आठवडे प्रसूतीनंतरचे असणे आवश्यक आहे. स्थान गमावण्याच्या भीतीने घाईने परतण्याची वेळ येऊ नये, हा या नियमांमागील हेतू आहे.

नामवंत खेळाडूंच्या यशामागे प्रशिक्षक, भौतिकोपचारतज्ज्ञ आणि बाळाला सांभाळणारे कुटुंब उभे असते. सर्वसामान्य मातेला यांतील शेवटची मदत तरी निश्चित मिळू शकते. दिवसातील अर्धा तास बाळ इतर कोणी सांभाळले, तर तिचा व्यायाम सुरू होतो. प्रशिक्षकांनीही परतणाऱ्या खेळाडूला तिच्या वेळेचा आकडा विचारण्याआधी तिला काही त्रास होतो का, हे विचारावे आणि उत्तर ऐकताना संकोच वाटू देऊ नये.

कोणत्याही टप्प्यावर शंका असल्यास स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञ यांचा सल्ला घ्यावा. या लेखातील माहिती सर्वसाधारण स्वरूपाची असून ती वैद्यकीय तपासणीला पर्याय ठरू शकत नाही.